एरिक अ‍ॅडम्स ‘निर्दोष’ सुटले, असं म्हणणं चूक आहे

न्यूयॉर्कचे माजी महापौर एरिक अ‍ॅडम्स यांच्याबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. साधा पोलीस महापौर झाला, बायडन यांच्या स्थलांतर धोरणावर बोलला म्हणून त्याला अडकवलं, विमानाच्या चार तिकिटांवरून बदनाम केलं आणि शेवटी कोर्टाने निर्दोष सोडलं.

पोलिसातली बावीस वर्षं खरी आहेत. बाकीचं टिकत नाही.

आधी सूडाचं बघू. तपास २०२१ मध्येच सुरू झाला होता, अ‍ॅडम्स महापौर होण्यापूर्वी. स्थलांतरितांवरून बायडन सरकारशी त्यांचं बिनसलं ते नंतर.

आता ‘चार तिकिटं’. सप्टेंबर २०२४ च्या आरोपपत्रात प्रवासाच्या सवलतीच एक लाख डॉलरहून जास्त होत्या. शिवाय त्यांच्या बदल्यात २०२१ मध्ये तुर्कस्तानच्या वकिलातीची ३६ मजली इमारत, तिथले राष्ट्राध्यक्ष एर्दोगान येण्याआधी खुली व्हावी म्हणून अग्निशमन दलावर दबाव आणल्याचा आरोप होता. आपल्याकडे महापौराला मान असतो, अधिकार फारसे नसतात. तिथे अग्निशमन दलही त्याच्याच हाताखाली, आणि अ‍ॅडम्स तेव्हा महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी जिंकून बसले होते, म्हणजे पुढचे महापौर तेच होणार हे जवळपास ठरलेलं होतं.

मला सगळ्यात गंभीर वाटतो तो देणग्यांचा भाग. शहरातल्या रहिवाशाने उमेदवाराला २५० डॉलर दिले की सरकारी तिजोरीतून त्यावर आठपट, म्हणजे २,००० डॉलर मिळतात. एकाचाच पैसा दहा जणांच्या नावावर दाखवला, तर करदात्यांचे २०,००० गेले. अ‍ॅडम्स यांच्या प्रचारासाठी अशा बनावट नावांनी पैसे दिल्याची कबुली एका बांधकाम व्यावसायिकाने जानेवारी २०२५ मध्ये कोर्टात दिली आहे.

राहिला ‘निर्दोष’ हा शब्द. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या न्याय खात्याने खटला मागे घ्यायला सांगितलं, तेही पुराव्याचा विचार न करता. महापौरांना स्थलांतरविरोधी कामाला वेळ मिळत नाही, हे एक कारण दिलं. त्यावर सही करण्याऐवजी मॅनहॅटनच्या प्रभारी सरकारी वकील डॅनिएल ससून यांनी राजीनामा दिला. २ एप्रिलला न्यायाधीश डेल हो यांनी खटला कायमचा रद्द केला, पण या सगळ्याला सौदेबाजीचा वास येतो असं निकालातच लिहिलं. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही, ज्युरी नाही. दोषी की निर्दोष हे ठरलंच नाही.

अ‍ॅडम्स यांनी आरोप कायम नाकारले आहेत. हा खटला पुन्हा उभा राहणार नाही, त्यामुळे त्यांना गुन्हेगार म्हणणंही चूकच. मात्र खटला रद्द झाल्यावरही शहराच्या निवडणूक वित्त मंडळाने त्यांना तो आठपटीचा निधी दिला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली, तेव्हा हेही कारण त्यांनी स्वतःच सांगितलं.