विंडो लावत बसणं हे माणसाचं काम नाही

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या गप्पांत एक मत पुन्हा पुन्हा पुढे ढकललं जातं: ‘टायलिंग विंडो मॅनेजर म्हणजे स्क्रीनशॉट मिरवणाऱ्या प्रोग्रामरांचं नवं खूळ. त्यात माउस चालत नाही, शेकडो शॉर्टकट पाठ करावे लागतात, सेटिंग करण्यात आठवडे जातात, मेमरी वाचते ही थाप आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये.’ टायलिंग विंडो मॅनेजर म्हणजे विंडो एकमेकींवर चढू न देता पडद्यावर शेजारी शेजारी आपोआप लावणारा प्रोग्राम. मी भाषांतराचं काम करते, प्रोग्रामर नाही, आणि रोजचं सगळं काम आय-थ्री या टायलिंग विंडो मॅनेजरवर करते. त्यामुळे हे मत वाचून एखादा होतकरू माणूस मागे फिरला, की मला मनापासून वाईट वाटतं.

आधी ‘नवं खूळ’. १९८५ साली आलेल्या विंडोज १.० मध्ये विंडो एकमेकींवर चढत नव्हत्या, शेजारी शेजारीच बसत. लिनक्सच्या जगातल्या अशा विंडो मॅनेजरांपैकी डीडब्ल्यूएम २००६ पासून आहे, एक्समोनॅड २००७ पासून, आणि मायकेल स्टापेलबर्ग यांचा आय-थ्री २००९ पासून. विंडोज ११ मधले स्नॅप लेआउट आणि २०२४ च्या मॅकओएसमध्ये आलेली विंडो टाइल करायची सोय त्याच गरजेतून आली आहे. नवं म्हणायला इथे काही उरत नाही.

माउसचा मुद्दा तर सरळ चुकीचा. आय-थ्रीमध्ये दोन विंडोंमधली कडा माउसने ओढून रुंदी बदलता येते, शीर्षकपट्टीवर क्लिक करता येतं, तरंगती, म्हणजे टाइल न केलेली, विंडो मॉड की (शॉर्टकटांसाठी नेमलेली की) दाबून कुठेही नेता येते. २०२२ च्या ४.२१ आवृत्तीपासून टाइल केलेली विंडोही तशीच उचलून दुसरीकडे ठेवता येते. बदलतं ते एवढंच, की विंडो नीट लावण्यासाठी माउस हातात घ्यावाच लागत नाही.

शॉर्टकटचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण लोक खरे घाबरतात ते इथे. पहिल्यांदा लॉगिन केल्यावर आय-थ्री स्वतःच विचारतो: सेटिंगची फाइल बनवून देऊ का, आणि मॉड म्हणून विंडोज की हवी की ऑल्ट? त्यानंतर मॉड आणि एंटर म्हणजे टर्मिनल (कमांड टाइप करायची विंडो), मॉड आणि डी म्हणजे प्रोग्राम सुरू करायची पट्टी, मॉड आणि आकडा म्हणजे त्या क्रमांकाचा वर्कस्पेस (विंडोंसाठीचा वेगळा पडदा), मॉड-शिफ्ट-क्यू म्हणजे विंडो बंद. एवढ्यावर पहिला दिवस निभतो.

माणूस अडकतो तो शॉर्टकटांमुळे नाही, मांडणीमुळे. आय-थ्री प्रत्येक नवी विंडो आधीच्यांच्या रांगेत समान वाट्याने बसवतो. चौथी विंडो उघडली की चार अरुंद उभ्या पट्ट्या होतात, आणि १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर त्यातल्या एकीतही धड वाचता येत नाही. बहुतेक जण इथेच वैतागून सोडून देतात. उपाय दोन आहेत. नवी विंडो उघडण्याआधी मॉड आणि व्ही दाबा, म्हणजे ती खाली उघडते. किंवा मॉड आणि डब्ल्यू दाबा, म्हणजे त्या सगळ्या विंडो टॅबसारख्या एकामागे एक जातात. माझ्याकडे डावीकडे मूळ मजकुराची पीडीएफ असते, उजवीकडे भाषांतर, आणि भाषांतराच्याच जागेत टॅबमध्ये शब्दकोश. शब्दकोश पाहून परतल्यावर पीडीएफ जागच्या जागी असते. ओळ हरवत नाही. दिवसभर दोन मजकूर समोरासमोर ठेवून काम करणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

‘सेटिंगमध्ये आठवडे’ हे अर्धं खरं आहे. रंग, पारदर्शक कडा, सजवलेली पट्टी यांच्या मागे लागलात तर वेळेला अंत नाही. पण ती आवड आहे, अट नाही. डेबियन, उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या सगळ्या प्रकारांच्या सॉफ्टवेअर भांडारात आय-थ्री आहे. इन्स्टॉल करा, लॉगिनच्या पडद्यावर ते सत्र निवडा. पटलं नाही तर लॉगआउट करून जुन्या डेस्कटॉपवर परत या, तिथलं काहीच हललेलं नसतं. मात्र ब्राइटनेसची बटणं स्वतः बांधून घ्यावी लागतात, आणि प्रोजेक्टर जोडला की चित्र आपोआप तिकडे जात नाही. वर्गात किंवा सभेत सतत प्रोजेक्टर लावणाऱ्याने एआरँडआर हा पडद्यांची मांडणी करणारा छोटा प्रोग्राम आधीच टाकून ठेवावा.

मेमरीबद्दल ते मत बऱ्याच अंशी बरोबर आहे. ग्नोम या नेहमीच्या डेस्कटॉपच्या तुलनेत आय-थ्री फारच हलका, पण ब्राउझरचे टॅब उघडले की वाचलेली मेमरी तिकडे जाते. केवळ त्यासाठी कुणी इकडे वळू नये.

राहिली मराठी. आयबस या भाषा टाइप करायच्या प्रोग्राममधून उच्चारानुसार टाइप करत असाल तर शॉर्टकटांना धक्का लागत नाही, कारण खालची मांडणी इंग्रजीच राहते. फक्त आयबस लॉगिनसोबत सुरू होईल अशी एक ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये घालावी लागते. इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्ड मांडणी वापरणाऱ्यांनी इंग्रजी मांडणी पहिली आणि देवनागरी दुसरी ठेवावी. वेलँड या नव्या ग्राफिक्स व्यवस्थेवर चालणाऱ्या, आय-थ्रीसारख्याच स्वे या विंडो मॅनेजरमध्ये शॉर्टकट बांधताना ‘टू-कोड’ हा पर्याय द्यावा, म्हणजे देवनागरी चालू असतानाही तीच की तेच काम करते. खरी अडचण दुसरीकडे आहे: डीमेन्यूच्या, म्हणजे प्रोग्राम सुरू करायच्या, पट्टीत आणि अलॅक्रिटीसारख्या टर्मिनलमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात. फाइलींची नावं मराठीत ठेवणाऱ्याला ते खुपतं. डीमेन्यूच्या जागी रोफी आणि अलॅक्रिटीच्या जागी किटी घेतलं की मराठी नावं बऱ्यापैकी वाचता येतात.