टाकीत फुंका, साहेब

मागच्या शनिवारी दारूखान्यातल्या एका दुकानाच्या पायरीवर उकिडवे बसून, लाल प्लास्टिकच्या टाकीच्या नळीला तोंड लावून, गाल फुटेस्तोवर फुंकणारा जो चष्मेवाला गृहस्थ तीन हमालांनी, एका चहावाल्या पोऱ्याने आणि एका टेम्पोचालकाने पाहिला, तो मी होतो. त्यांच्यापैकी एकाने मोबाइल उभा धरला होता. ते चित्रण आज ना उद्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येणार, तेव्हा माझी बाजू आधीच मांडून ठेवलेली बरी.

माझी 22 फुटांची जुनी शिडाची बोट मुंबई बंदरात बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असते. तिच्या मागे 5 हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड इंजिन लटकवलेले आहे आणि त्याला पेट्रोल पुरवणारी 12 लिटरची टाकी डाव्या बाकाखालच्या खणात ठेवावी लागते. पावसाळ्यात बोट जमिनीवर ओढली की टाकी आमच्या गॅलरीत येते. यंदा तिच्या तळाला केसाएवढी चीर दिसली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर जाऊन विरत नाही, बोटीच्या तळाशी साठून ठिणगीची वाट पाहत बसते. म्हणून टाकी बदलणे भाग होते.

एक लाल डबा आणायचा, त्यात निवडायचे ते काय, असे मलाही वाटले होते. पण खणाच्या तोंडाची रुंदी 28 सेंटिमीटर आणि आतली उंची 26. बाजारातल्या 12 लिटरच्या टाक्या बहुधा उंच, आणि 25 लिटरच्या बसक्या असल्या तरी एवढ्या ऐसपैस की त्या खणात मावतील, मात्र त्याच्या तोंडातून आत जाणार नाहीत. त्यात भर म्हणजे इंजिनाला नळी जोडण्याचे कनेक्टर. यामाहाचा कनेक्टर सुझुकीला लागत नाही. पेट्रोल तेच, नळी तीच, पण टोकाचा अंगठ्याएवढा तुकडा प्रत्येक घराण्याचा वेगळा. पत्रिका जुळली तर उंची नाही आणि उंची जुळली तर गोत्र आडवे, अशी तीन दुकाने पालथी घातल्यावर मी खणाच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका कापला, चिकटपट्टीने पक्का केला आणि तो मांडीवर घेऊन हार्बर लाइनने रे रोडला उतरलो.

दारूखान्याशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो, की इथली दारू ही बंदुकीची. शेजारी माझगावात गनपावडर रोड अजून आहे. जुनी जहाजे इथे फोडली जात आली आहेत, त्यामुळे नांगर, साखळ्या, शिड्या, बोटीची गोल खिडकी, काहीही मिळू शकते. पेट्रोलची टाकी घ्यायला याहून समर्पक नावाची पेठ नसेल, हे मी घरी सांगून पाहिले. कोणी हसले नाही.

दुकानदाराने माळ्यावरून तीन टाक्या उतरवल्या आणि तो फोनवर बोलू लागला. तेवढ्यात आतून एक सफारी घातलेले गृहस्थ हातात कटिंग घेऊन आले, त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या खोक्यावर बसले. खोका दोन बाजूंनी फुगला आणि मग सपाट झाला. ते दुकानाचे भागीदार होते, गिऱ्हाईक होते की केवळ चहासाठी आले होते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

"शिडाची बोट आहे म्हणता?" त्यांनी विचारले. मी काहीही म्हटलेले नव्हते.

"हो."

"मग तिला पेट्रोल कशाला?"

मी त्यांना समजावून सांगितले की दुपारचा वारा संध्याकाळी पडतो. उधाणाच्या दिवसांत इथले पाणी एका ओहोटीत 4 मीटरहून अधिक उतरते. अशा वेळी शिडे ओल्या चादरींसारखी लोंबत असताना बोट आपल्या बोयाकडे न जाता ओढीबरोबर खुल्या समुद्राकडे निघते. हे सर्व त्यांनी मान डोलावत ऐकून घेतले.

"वारा पडला तर उठेपर्यंत थांबायचं."

"रात्रभर?"

"महाराजांच्या आरमाराला काय आउटबोर्ड होतं?"

यावर हमालसुद्धा माझ्याकडे पाहू लागले. मराठी माणसाला या प्रश्नापुढे बोलता येत नाही, आणि विचारणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. वास्तविक उत्तर सोपे होते. मराठ्यांच्या आरमारात गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजे, वाऱ्याअभावी अडल्या की त्यांना गलबते, म्हणजे वल्ह्यांची लहान जहाजे, ओढून नेत असत आणि एकेका गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत. माझ्याकडे एक बायको आणि एक भाचा आहे, आणि भाच्याला बोट लागते. पण हे मला सुचले ते परतीच्या गाडीत, डॉकयार्ड रोड गेल्यावर.

तोपर्यंत गृहस्थांनी 25 लिटरची टाकी पुढे सरकवली होती. "हीच घ्या. थोडक्या फरकात दुप्पट माल." मी म्हणालो, की 25 लिटर पेट्रोल म्हणजे साडेअठरा किलो एकाच कोपऱ्यात, बोट डावीकडे कलते, शिवाय माझे इंजिन पूर्ण वेगातही तासाला दोनेक लिटरच पिते, तेही संध्याकाळी अर्धा तास, म्हणजे भरलेली टाकी हंगामभर पडून राहणार. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, ते दमट हवेतले पाणी ओढून घेते, आणि पाणी फार झाले की वेगळे होऊन नेमके तळाशी बसते, जिथे शोषनळीचे तोंड असते. हे बोलताना माझा आवाज थोडा चढला असावा. ते म्हणाले, "लहान घ्या मग. रागवता कशाला?"

लहानांपैकी एक बसकी होती. तिला नळी आणि मध्ये दाबायचा रबरी फुगा जोडलेला होता, पुढचे टोक मोकळे होते, माझ्या इंजिनाचा कनेक्टर तिथे क्लिप लावून बसवून देण्यास दुकानदार तयार होता. माप खोक्याने पाहता आले असते, परंतु खोका व्यापलेला होता. टेपने मोजले, 25 सेंटिमीटर. मी पाकीट काढले.

"गळत नाही कशावरून?"

"नवी आहे."

"नवी माणसं पण गळतात. झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळा, नळीतून फुंका, सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की सोडून द्या." आणि पोऱ्याकडून कप विसळायच्या बादलीतले फेसाळ पाणी आले देखील.

त्रास याचा की ते बरोबर बोलत होते. म्हणून मी फुंकले. हवा जाईना. अधिक जोर लावला, कानात शिट्टी वाजली, तोंडात टायर चघळल्याची चव आली, तरी टाकी ढिम्म. "दम नाही," एक हमाल म्हणाला. "सिगारेट असेल," टेम्पोचालक म्हणाला. मी सिगारेट ओढत नाही. चांगली पाच मिनिटे गेल्यावर गृहस्थांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, वाकून त्या रबरी फुग्यावर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "बाण बघा, साहेब."

फुग्यावर बाण असतो. तो इंजिनाच्या दिशेला दाखवतो, कारण आतल्या झडपा पेट्रोल इंजिनाकडे जाऊ देतात, परत येऊ देत नाहीत. मग फुंकर तरी कशी येईल? बोटीवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हा बाण गेली नऊ वर्षे हातात धरून समजावत आलो आहे. सफारीवाल्या गृहस्थांना तो पहिल्या मिनिटालाच दिसला होता. ते पाच मिनिटे चहा पीत होते. फुगा काढून फुंकल्यावर टाकी फुगली, फेस लावला, बुडबुडा आला नाही. गृहस्थ उठले, आणि माझा खोका मला परत देत म्हणाले, "हे विसरू नका."

रविवारी टाकी घेऊन पंपावर गेलो. प्लास्टिकमध्ये सुटे पेट्रोल मिळत नाही, गाडी घेऊन या, असे तिथल्या मुलाने सांगितले. गाडी समुद्रात आहे, असे मी म्हणालो. "मग बाहेर काढा ना," तो म्हणाला. टाकी खास पेट्रोलसाठीच घडवलेली आहे, तिच्यावर तसे ठळक कोरलेले आहे, हे मी बोट ठेवून दाखवत असताना माझ्या मागच्या पोराने मोटारसायकल बंद पडल्याचे सांगत, चेहरा पाडून, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल नेले. नियमाबद्दल माझे काही म्हणणे नाही, चेहऱ्याबद्दल आहे. तो मला जमत नाही, आणि जो जमतो त्याला पेट्रोल मिळत नाही.

टाकी सध्या गॅलरीत आहे, रिकामी. गळत मात्र नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.