सभ्य शिवी आणि बसचा कंडक्टर

महाराष्ट्रात २०२२ ला ते 'गद्दार' आणि 'पन्नास खोके' सुरू झालं तेव्हापासून पुण्याहून दादाचा फोन आला की त्याचं पालुपद ठरलेलं, राजकारणाची भाषा पार गटारात गेली बघ, तुमच्या इंग्लंडात कसं सगळं सभ्य. मला हे पटत नाही.

इथली जुनी सभ्य शिवी म्हणजे 'कॅड'. आता कोणी सीरियसली वापरत नाही, रिटायरमेंटला टेकलेला एखादा साहेब किंवा टॅब्लॉइडची हेडलाइन, तेही अर्धं गमतीत. कपडे टापटीप, बोलणं गोडगोड, पण दिलेला शब्द पाळायचा नाही आणि बाईच्या बाबतीत तर काम झालं की हात वर, असा माणूस म्हणजे कॅड. आता हा शब्द आला कुठून बघा. फ्रेंचमधला कॅडेट म्हणजे धाकटा मुलगा, इस्टेट थोरल्याला म्हणून हा सैन्यात (एनसीसीतला कॅडेट तोच), तो स्कॉटलंडात पोचून झाला कॅडी, म्हणजे एडिंबरामधला निरोप पोचवणारा, ओझी उचलणारा पोऱ्या, पुढे गोल्फवाल्यांच्या बॅगा वाहणारा, आणि त्याचंच तुटून झालं कॅड. १८२९ मध्ये लंडनात शिलिबीर नावाच्या माणसाने घोड्यांची ऑम्निबस, म्हणजे सगळ्यांसाठीची बस, सुरू केली, अशा बसच्या मागच्या पायरीवर उभं राहून ओरडून ओरडून पॅसेंजर आत कोंबणारा जो कंडक्टर, त्याला लोक कॅड म्हणायचे, आपल्याकडे वडापला मागे लटकलेला असतो ना अगदी तोच. डिकन्सने एका लेखात असल्या कॅडवर लिहिलंय. इकडे ईटनची श्रीमंत पोरं शाळेभोवती घुटमळून खेळाचं सामानसुमान पुरवणाऱ्या गरिबांना कॅड म्हणायची, ऑक्सफर्डचे विद्यार्थी गावातल्या लोकांना.

म्हणजे खानदानी माणसाने बाई फसवली की त्याला शिवी काय, तर तू कंडक्टर निघालास! कंडक्टरने काय घोडं मारलं होतं? आणि हे एकट्या कॅडचं नाही, व्हिलन म्हणजे मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारं कूळ, ब्लॅकगार्ड (म्हणजे हलकट माणूस) हे मुळात बड्या घरातले भांडी घासणारे. पाप वरच्यांचं, नाव खालच्यांचं.

बरं संसदेतली सभ्यता म्हणाल तर इथे खासदाराने दुसऱ्या खासदाराला खोटारडा म्हणायचं नाही असा नियम आहे. ३१ जानेवारी २०२२ ला लॉकडाऊनमधल्या पार्ट्यांवरून विरोधी बाकावरचे खासदार इयन ब्लॅकफर्ड म्हणाले की पंतप्रधान जॉन्सननी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली, शब्द मागे घ्यायला तयार नव्हते म्हणून त्यांनाच बाहेर जावं लागलं. जून २०२३ मध्ये संसदेच्याच विशेषाधिकार समितीने सांगितलं, हो, जाणूनबुजूनच केली होती. तोवर जॉन्सन (हेही ईटन आणि ऑक्सफर्डचेच) खासदारकी सोडून मोकळे.

आपल्या लोकसभेच्या असंसदीय शब्दांच्या २०२२ च्या यादीत 'गद्दार' होता, 'जुमलाजीवी' पण. मला त्या 'गद्दार'चा काही त्रास नाही, कोणाला म्हणायचं यावर भांडा हवं तेवढं, पण निदान माणसाने काय केलं त्यावर तरी बोट ठेवतो तो शब्द. मला त्रास होतो तो आपल्याकडे घराघरात चहा पिता पिता जातीचं नाव शिवीसारखं वापरतात त्याचा, त्या म्हणी, ते 'असलेच असतात हे लोक'. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा आहे, तरी हे चालूच. दादाच्या तोंडून मी ऐकलंय हे, आणि भाषा घसरली म्हणून फोनवर रडणारा पण तोच.