तेवढं गटार सोडलं तर

'एखादा चांगला कॉम्प्युटर गेम सुचव ना' असं कोणी म्हटलं की शहाण्या माणसाने सगळ्यांना ठाऊक असलेलं एखादं नाव घ्यावं आणि मोकळं व्हावं. मला ते जमत नाही. ज्यांच्याकडे जगाने पाठ फिरवली असे स्ट्रॅटेजी (डावपेचांचे) आणि रोल-प्लेइंग (एखादं पात्र होऊन त्याची कौशल्यं वाढवत न्यायचे) गेम हा माझा प्रांत. त्यामुळे माझी प्रत्येक शिफारस जामिनाच्या अर्जासारखी निघते. आरोपी मुळात सालस आहे, परिस्थितीने असा झाला, अटी खालीलप्रमाणे.

सध्या माझ्या तावडीत भाचा आहे. बिचाऱ्याने एकदाच विचारलं होतं.

मी त्याला 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स'पासून सुरुवात करून दिली. ट्रॉयका गेम्स या छोट्या स्टुडिओचा हा गेम १६ नोव्हेंबर २००४ रोजी बाजारात आला. त्याच दिवशी 'हाफ-लाइफ २' आला, ज्याची सगळं जग वाट बघत होतं. दोन्ही गेमच्या पोटात त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, एकच; त्याचं नाव 'सोर्स'. म्हणजे सख्ख्या भावाच्या लग्नाच्या मुहूर्तावरच आपलंही लग्न काढायचं आणि वर पाहुण्यांची वाट बघत बसायचं. पुढच्याच वर्षी ट्रॉयकाला टाळं लागलं. पण या गेममध्ये मॅल्कॅव्हियन नावाचं एक कूळ आहे. त्या कुळातला व्हॅम्पायर निवडला की तुमचे संवाद बदलतात, कारण तुम्ही ठार वेडे असता. टीव्हीवरचा बातम्या देणारा तुमच्याशी बोलायला लागतो. रस्त्यावरच्या 'थांबा' लिहिलेल्या पाटीशी तुमचं कडाक्याचं भांडण होतं. इतकं सगळं ऐकल्यावर भाच्याचे डोळे चमकले.

"मामा, मग आज टाकतोच."

"टाक. फक्त आधी चाहत्यांनी केलेला पॅच, म्हणजे चुका दुरुस्त करणारी फाइल घे, त्याशिवाय सुरूच करू नकोस. मारामारीकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. आणि हॉलिवुडला पोचलास की एक गटार लागेल."

"गटार?"

"हो. जरा मोठं आहे. तेवढं सोडलं तर गेम अप्रतिम."

"जरा म्हणजे किती?"

अशा वेळी वकिलाने पाणी प्यायचं असतं.

खूप वर्षं असे गेम खेळून माझं एक मत झालं आहे. उपेक्षित गेममध्ये कुठे ना कुठे गटार असतंच. प्रत्येक वेळी ते गटाराच्या रूपात दिसेल असं नाही. ट्रॉयकाचाच २००१ चा 'आर्केनम' घ्या. जादू आणि यंत्रयुग एकाच जगात नांदतात, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. जादूगार जवळ आला की यंत्र बिघडतं, म्हणून त्याला आगगाडीत बसायची मारामार. उलट तुम्ही यंत्रविद्येत मुरलेले असाल तर जखम बरी करणारा मंत्रही तुमच्यावर धड चालत नाही. एवढी बारीक, एवढी खट्याळ कल्पना, आणि मग सुरुवातीलाच ब्लॅक माउंटन क्लॅनच्या खाणी. खाणी संपत नाहीत. आत दगडी राक्षस असतात, त्यांच्यावर तलवार चालवली की तलवारच मोडते. म्हणजे तुम्ही जिंकता, पण उघडे पडता. किती तरी होतकरू माणसं त्या खाणींत गेली ती परत आलीच नाहीत. सरळ गेम अनइन्स्टॉल करून दुसऱ्या उद्योगाला लागली.

ऑब्सिडियन या दुसऱ्या स्टुडिओच्या 'अल्फा प्रोटोकॉल'चं (२०१०) गटार तर बंदुकीच्या नळीतच आहे. तुम्ही गुप्तहेर. समोर तीन पावलांवर पहारेकरी. तुम्ही नेम बरोब्बर डोक्यावर धरता, गोळी सुटते आणि मागच्या भिंतीला लागते. कारण तुमचं पिस्तुलाचं कौशल्य अजून वाढलेलं नाही. भाच्याने ते पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू गोळी मीच वळवली. "अरे, तो नवशिका आहे ना अजून," मी म्हणालो. नवशिका! सरकारने त्याला जग वाचवायला पाठवलंय. पण याच गेममधले संवाद बघा. उत्तर द्यायला मोजके क्षण मिळतात, आणि बोलायचं काय यापेक्षा कोणत्या तोऱ्यात बोलायचं तेच आधी ठरवायचं. तुम्ही गप्प राहिलात तर गेम तुमच्या वतीने बोलून मोकळा होतो. भाचा मध्येच फोन घ्यायला उठला आणि परत येईपर्यंत त्याच्या नायकाने एका महत्त्वाच्या माणसाशी कायमचं वाकडं घेतलं होतं. पुढे ते वैर अख्ख्या कथेत त्याला पुरलं. हे कुठल्या गाजलेल्या गेममध्ये होतं, सांगा बघू? २०१९ मध्ये गाण्यांचे हक्क संपले म्हणून हा गेम विक्रीतून काढला गेला आणि २०२४ मध्ये परत आला. मधल्या काळात शिफारस करायची सोयच नव्हती, त्यामुळे मी तेव्हा जास्तच करायचो.

या सगळ्यांत माझा जीव की प्राण म्हणजे 'मॅजेस्टी'. सन २०००. तुम्ही राजा आहात, पण फौज तुमचं ऐकत नाही. अजिबात. इतर स्ट्रॅटेजी गेममध्ये शिपायावर क्लिक करायचं, शत्रूवर क्लिक करायचं, की शिपाई मरायला निघतो. इथे शूरवीर स्वतंत्र बाण्याचे आहेत. राक्षसाच्या गुहेवर बक्षिसाचा झेंडा रोवायचा आणि वाट बघायची. शंभर मोहरा ठेवल्या, कोणी हललं नाही. दोनशे केल्या. एक चोर उठला. चोर पैशाला पहिला उठतो, ते तत्त्वनिष्ठच आहेत त्या बाबतीत. तीनशे केल्यावर एक योद्धा तिकडे निघाला, वाटेत त्याला बाजार दिसला, तो औषधाची बाटली घ्यायला आत शिरला. तेवढ्यात मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या तोंडाचा राक्षस, नगरात घुसला. नवखा जादूगार त्याला सामोरा गेला आणि एका फटक्यात गेला. तो मेला की नगरात स्मशान उभं राहतं, आणि त्यातून सांगाडे निघतात. म्हणजे त्याची सेवा तिथेही संपत नाही.

पण खरी मौज पैशाची आहे. शूरवीराला बक्षीस तुम्ही देता. तो ते तुमच्याच नगरातल्या लोहाराकडे आणि बाजारात उडवतो. मग तुमचा करवसुली कारकून दारोदार फिरून तेच पैसे तुमच्या खजिन्यात आणून टाकतो. त्या कारकुनाला मी तासन् तास नुसता बघत बसतो. अंगावर चिलखत नाही, हातात शस्त्र नाही, खांद्यावर थैली, आणि राज्य बुडत असलं तरी हा पुढच्या घराचं दार वाजवणार. आणि मग नगर वाढलं की आपोआप गटार उघडतं (पाहा, आलंच), त्यातून उंदीर निघतात आणि कारकुनाला थैलीसकट संपवतात. ड्रॅगनशी लढायची तयारी केलेला राजा उंदरांपायी कफल्लक होतो. एल्फांना, म्हणजे परीकथेतल्या टोकदार कानांच्या लोकांना, आश्रय दिलात तर व्यापार वाढतो, पण पाठोपाठ जुगाराचे अड्डेही उघडतात, आणि शूरवीरांची सगळी फौज संध्याकाळी कुठे सापडते ते तुम्हीच ओळखा.

मी हे सगळं भाच्याला रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे यात आपण करायचं काय?"

आता याला काय उत्तर द्यायचं? राजा काय करतो?

लोकांची मतं वाचायला जावं तर ती आणखी गोंधळात टाकतात. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक मताशेजारी त्या माणसाने गेम किती तास खेळला ते दिसतं. 'भिकार गेम, वेळ फुकट घालवू नका' असं लिहिणाऱ्याचे तास बघावेत तर एखाद्याने तेवढ्या वेळात पदवी घेतली असती. आणि 'आयुष्य बदलून टाकणारा अनुभव' लिहिणाऱ्याचा अर्धा तास. गुणांचं तर बोलूच नका. ऑब्सिडियनच्याच 'फॉलआउट: न्यू व्हेगस'ला मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, ८५ पडले असते तर ऑब्सिडियनला बोनस होता. पडले ८४. आपल्याकडच्या कुठल्याही पालकाला विचारा, तो एक गुण कुठे गेला याची चौकशी घरात पिढ्यान् पिढ्या चालते.

'किंग ऑफ ड्रॅगन पास'बद्दल (१९९९) मी हल्ली फार बोलत नाही. टोळी चालवायची, शेजाऱ्यांची गुरं पळवायची, आणि सात जणांच्या सल्लागार मंडळाचं ऐकायचं. त्यात एखादा खोडकर देवाचा भक्त असला तर तो हटकून भलताच सल्ला देतो आणि तरी त्याला मंडळात ठेवावंसं वाटतं. ज्याने कधी मीटिंगला हजेरी लावली आहे त्याला हा गेम शिकवावा लागत नाही. पुढे २०११ मध्ये तो आयफोनवर आला आणि अचानक ज्याला त्याला आवडायला लागला. चांगलंच झालं म्हणा. पण मी इतकी वर्षं एकट्याने घसा कोरडा केला, त्याचं काय?

असो. भाच्याने आर्केनम शेवटी पूर्ण केला. मी यंत्रविद्येचा उपासक, कचऱ्याचे डबे उपसून सुटे भाग गोळा करत, खाणींत एकेक पाऊल रखडत गेलेला. त्याने 'हार्म' नावाचा एकच मंत्र शिकून घेतला आणि दिसेल त्याच्यावर तोच मारत सुटला. दगडी राक्षसांसकट. "सोपा आहे की रे," म्हणाला. माझ्या तपश्चर्येवर बोळा फिरवून वर विचारतो कसा, "पण मामा, आर्केनम आता सगळ्यांनाच माहीत आहे. तू 'टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल' नाही खेळलास?"

ट्रॉयकाचाच, २००३ चा. नाव ऐकून होतो, खेळला नव्हता. त्याने रात्रीतून मला पॅचची लिंक पाठवली, सोबत सूचना पाठवल्या, आणि 'आधी हे सगळं वाच, मग सुरू कर' असा दमही दिला. मी वाचलं. पाच जणांची टोळी मन लावून तयार केली, प्रत्येकाला नाव दिलं. गावातली फुटकळ कामं करून कंटाळलो, म्हणून गावाबाहेरच्या पडक्या गढीकडे वळलो. तिथे बेडूक होते. मोठे. पहिल्याच लढाईत एका बेडकाने जीभ टाकली आणि माझा पुजारी अख्खा गिळला.

भाच्याला कळवलं. लगेच उत्तर आलं: "पण मामा, तुला इतक्या लवकर बेडकांकडे जायला सांगितलं कोणी?"