कर्ता हरवला आहे

परदेशात एमबीएला जाण्यासाठी गणित आणि पैसा या दोनच गोष्टी लागतात, अशी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती. गणित मला येते आणि पैसा बँक देते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. निबंधही लिहावे लागतात हे कळले, तेव्हा जीमॅट या प्रवेशपरीक्षेचे शुल्क भरून झाले होते. बरे, निबंधाचा विषय ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा सोज्वळ असता, तर शाळेच्या पुण्याईवर निभावून नेले असते. पण इथे विषय एकच, आणि तो म्हणजे आपण स्वतः. स्टॅनफर्ड विचारते की तुमच्या लेखी सर्वांत महत्त्वाचे काय, आणि का. हार्वर्ड पूर्वी ९०० शब्दांचा एकच मोकळा निबंध घेत असे. २०२४ पासून तिथे तीन छोटे निबंध मागतात, त्यांतल्या एकाला ३०० आणि बाकीच्या दोहोंना प्रत्येकी २५० शब्दांची मर्यादा असते. एवढ्या थोड्या जागेत माझे आयुष्य मावणार कसे, या काळजीने मी लिहायला बसलो आणि ते १४० शब्दांतच संपले.

तो खर्डा घेऊन मी दादरला, स्टेशनाजवळच्या साड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत असे निबंध सुधारून देणाऱ्या मॅडमकडे गेलो. खालच्या पदपथावरून ‘दोनशेला दोन, दोनशेला दोन’ असा पुकारा चालू होता आणि वर मॅडम माझ्या आयुष्यावर लाल पेन चालवत होत्या. बँकेत जो ताळमेळाचा अहवाल बनायला तीन दिवस लागत, तो आता चार तासांत तयार होऊ लागला, असे मी लिहिले होते. त्या वाक्याशी पेन थांबले.

“कोणी केलं हे?” मॅडमनी विचारले.

“झालं,” मी म्हणालो.

“आपोआप?”

“नाही, म्हणजे माझ्याकडेच होतं ते काम.”

“मग ‘मी केलं’ असं लिहा ना! या संपूर्ण निबंधात कर्ताच नाहीये.”

मुलुंडपर्यंतच्या परतीच्या गाडीत मी त्यावर बराच विचार केला, कारण चौथ्या सीटवर अर्धे बसून दुसरे काही करता येत नाही. निबंध इंग्रजीत असला तरी त्याचा सांगाडा अस्सल मराठी होता, आणि मराठी मध्यमवर्गात कर्त्याला फारसे काम नसते. आपल्याकडे मार्क पडतात, नोकरी लागते, लग्न जमते, मुले होतात आणि निवृत्तीच्या आसपास मुलुंडला एक घरही होते. पण या सगळ्यात कोणी काही केले, असे वाक्य सहसा ऐकू येत नाही. ‘मी केले’ असे म्हणणारा एखादा दूरचा नातेवाईक प्रत्येक घराण्यात असतो, आणि लग्नकार्यात त्याच्या पंगतीला बसणे लोक टाळतात.

घरी परिस्थिती आणखी बिकट होती, कारण माझे वडील मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत. मॅडमच्या सूचनेवरून मी कसेबसे अकरा ‘मी’ घातलेला निबंध त्यांनी सबंध रात्र ठेवून घेतला आणि सकाळी परत दिला, तेव्हा अकराच्या अकरा मी नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी ‘सदर कार्यवाही करण्यात आली’ याचे इंग्रजी रूप विराजमान होते, आणि शेवटी प्रवेशाबाबत उचित निर्णय व्हावा, अशी विनंती जोडलेली होती. “एवढं मी-मी बरं दिसत नाही,” ते म्हणाले. “फाइल नीट असली की साहेबाला कळतं.” आत्याचे म्हणणे वेगळेच होते. जीमॅटला ८०५ पैकी ६७५ मिळाले, याची टक्केवारी तिने तोंडी काढली आणि “म्हणजे ८४, दहावीत तुला ९२ होते, ते लिही” असे सुचवले. या परीक्षेत गुणांची सुरुवातच २०५ पासून होते, हे मी तिला सांगितले नाही.

मग मी मुंबईला शरण गेलो. लोकलच्या गर्दीने मला जिद्द शिकवली, अशी सुरुवात केली, तर मॅडम म्हणाल्या की या आठवड्यातली ही सहावी लोकल आहे. डबेवाल्यांकडे वळलो, तर त्यांच्यावर हार्वर्डनेच २०१० साली केस स्टडी काढलेली निघाली. म्हणजे ज्यांनी शिकवायचे, त्यांनाच मी त्यांचा धडा वाचून दाखवणार होतो. तेव्हा पुन्हा बँकेचा अहवाल काढला आणि मॅडमनी उलटतपासणी सुरू केली. अहवालाचे काम पहिल्या दिवसापासून सुरळीत चालले का? नाही. मग काय झाले? खरे सांगायचे तर पहिल्याच महिनाअखेरीस माझ्या सूत्रातला एक रकाना सरकला आणि सगळ्या शाखांच्या रकमा एकमेकींच्या नावावर गेल्या. आमच्या विभागातल्या, दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या काकांनी नुसती बेरीज पाहून ते ओळखले. ते आणि मी मध्यरात्र उलटेपर्यंत बसलो, शेवटची गाडी चुकली, तीन खुर्च्या जोडून झोपलो आणि पहाटे पहिल्या लोकलने घरी गेलो.

“हे आधी का नाही सांगितलंत?” मॅडमनी पेन खाली ठेवले.

“त्यात सांगण्यासारखं काय आहे? चूक मी केली होती.”

बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आले की इतक्या आठवड्यांत कोणी न ढकलता माझ्या तोंडून बाहेर पडलेला हा पहिला ‘मी’ होता. मॅडमनी तो तिथल्या तिथे टिपून घेतला. निबंध त्याच वाक्याने सुरू झाला, काका दुसऱ्या परिच्छेदात आले आणि २४८ शब्दांत सगळे आटोपले. मी तो घरी मोठ्याने वाचला, तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्या काकांचा हुद्दा विचारला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्या रात्री तू मित्राकडे होतास ना?”

हार्वर्डच्या अर्जाची मुदत होती बॉस्टनचे दुपारचे बारा, म्हणजे जानेवारीत आपले रात्रीचे साडेदहा. सव्वादहाला मी शेवटचे बटण दाबले. दोन मिनिटांत मॅडमचा संदेश आला की अर्ज पाठवला का. मी लिहिले, “हो, गेला.”

तिकडून लगेच उत्तर आले, “कोणी पाठवला?”