रिकामी नाही हो, लाजाळू आहे!

२००३ साली सोसायटीच्या गणपतीची स्मरणिका माझ्या गळ्यात पडली. गुणवत्ता एवढीच की अख्ख्या इमारतीत सीडी रायटर फक्त माझ्याकडे होता. लेख श्रीलिपीत टाइप केले, पेजमेकरमध्ये पानं लावली, आणि ऐन वेळी काटकसर आडवी आली. साधी सीडी एकदा लिहिली की संपली. आरडब्ल्यू (म्हणजे 'रीरायटेबल') सीडी म्हणे हजार वेळा पुसून लिहिता येते. वर्षाला एक स्मरणिका धरली तर ३००३ पर्यंतची सोय! घेतली.

शनिवार पेठेतल्या छापखान्यात ऑपरेटरने ती ड्राइव्हमध्ये सरकवली. घर्रर्र... खर्रर्र... मग जिना चढून दम लागल्यासारखी शांतता.

"काका, रिकामी आहे."

त्याने ती बाहेर काढली, 'हाऽऽ' करून वाफ सोडली आणि शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसली. (सीडी मधून कडेकडे सरळ पुसायची असते. पण अडला हरी, मी गप्प.) पुन्हा घर्रर्र. पुन्हा रिकामी.

घरी आणली, तर घडाघडा उघडली! पाहुण्यांसमोर मुकं होणारं आणि ते जिना उतरले की तीसपर्यंत पाढे म्हणणारं पोर असतं ना, तसं. मेहुण्याकडे नेली, तिथे तिसरंच. फायली दिसल्या, पण गेल्या आठवड्यातल्या, अध्यक्षांचं आडनाव चुकलेल्या. सुधारलेल्या फायली दुसऱ्या सेशनमध्ये, म्हणजे नंतरच्या बैठकीत लिहिलेल्या भागात होत्या आणि मेहुण्याचा ड्राइव्ह पहिल्याच सेशनवर तृप्त होता. घराण्याचा गुणच तो.

मग सगळी डिस्क पुसली. झटपट नव्हे, पूर्ण. चौपट वेगाने २० मिनिटं. सगळं एकाच सेशनमध्ये सावकाश लिहिलं, डिस्क फायनलाइज केली, म्हणजे लिखाण संपल्याची मोहोर मारून बंद केली. मेहुणा सुधारला. छापखाना नाही.

शेवटी ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कारखान्यातून भरून आलेल्या सीडीवरून लेसरचा ७० टक्के तरी प्रकाश परत येतो. तुमच्या आरडब्ल्यूवरून १५ ते २५. ही १९९७ ला आली. त्याआधीच्या बऱ्याच ड्राइव्हना एवढ्यात दिसत नाही."

"म्हणजे छापखान्याच्या ड्राइव्हला मोतीबिंदू?"

"डोळे ठीक आहेत हो. तुमची पाटीच मळकी."

मला लागलं ते. पण गणपती आठ दिवसांवर आले होते. १५ रुपयांची साधी सीडी घेतली, लिहिली, छापखान्यात नेली. 'घर्र'सुद्धा न करता उघडली. ऑपरेटरने आरडब्ल्यू माझ्या हातात ठेवली. "ही न्या काका, परत वापरता येते म्हणे."

वापरली. कबुतरं येऊ नयेत म्हणून आमच्या गॅलरीत दोन सीड्या टांगल्यात. साधी उन्हात अशी चमकते की कबुतरं त्या बाजूला फिरकत नाहीत. ती सगळी आरडब्ल्यूखाली बसतात.