'पीएमएस म्हणजे मनाचे खेळ' हा मेसेज अर्धवट आहे

ग्रुप्सवर फिरतंय की पाळीआधीचा त्रास (पीएमएस) निव्वळ मानसिक असतो, १९७७ सालीच अमेरिकेत सिद्ध झालंय. प्रयोग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा.

प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डायन रूबल यांनी विद्यार्थिनींना भासवलं की नव्या तंत्राने पाळीची तारीख आधी कळते. खरंतर सगळ्यांचीच पाळी साधारण आठवड्यावर होती, पण काहींना सांगितलं एक-दोन दिवसांत येईल, काहींना सांगितलं अजून वेळ आहे, आणि 'आता येणारच' असं वाटणाऱ्यांनी अंगावर सूज, दुखणं, खाण्यातला बदल जास्त नोंदवला. म्हणजे अपेक्षेमुळे काही तक्रारी वाढवून सांगितल्या जातात, एवढंच. त्रास नसतोच असं त्यात कुठेही नाही!

उलट १९९८ च्या एका अभ्यासात पीएमएस असलेल्या बायकांचे हार्मोन औषधाने दाबल्यावर बऱ्याच जणींचा त्रास कमी झाला, हार्मोन परत दिल्यावर लक्षणं परतली, आणि ज्यांना पीएमएस नव्हताच त्यांना तेच देऊन काही झालं नाही. हे कसं मनाचं असेल?

अपेक्षेमुळे तक्रारी वाढवून सांगितल्या जाऊ शकतात, म्हणून तर पीएमडीडीचं (पीएमएसचा तीव्र प्रकार) पक्कं निदान आठवणीवर करत नाहीत, किमान दोन पाळ्यांची रोजची नोंद बघतात. तो मेसेज वाचून एखादी मुलगी डॉक्टरकडे जायचंच टाळेल, तेव्हा प्लीज फॉरवर्ड करू नका, केला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.